तीन अणूंची जाडी आणि प्रकाशाचा हिशेब

चिंचोटीहून कामण, खारबाव करत अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक आणि कंटेनरची वर्दळ कधी थांबत नाही. भिवंडीच्या गोदामांत माल आणायचा आणि तिथून तो मुंबई-ठाण्याच्या घरोघरी पोचवायचा, हे त्यांचे काम. या गाड्यांच्या बेअरिंगांत आणि सांध्यांत अनेकदा एक काळपट वंगण भरलेले असते. गॅरेजवाले त्याला ‘मॉली ग्रीस’ म्हणतात. त्यातले मॉली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. मॉलिब्डेनम हा धातू आणि गंधक यांचे हे संयुग खाणीत मॉलिब्डेनाइट या खनिजाच्या रूपात सापडते. दिसायला ते काळे, चकचकीत आणि बोटाला लागणारे असते.

तोच माल गोदामात पोचला की पार्सलावर स्कॅनरचा लाल प्रकाश पडतो. बारकोडच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून जास्त प्रकाश परत येतो, काळ्या पट्ट्यांवरून कमी. हा कमीजास्तपणा स्कॅनरमधला प्रकाशसंवेदक टिपतो आणि त्याचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. हा संवेदक सिलिकॉनचा असतो.

ट्रकमधले ग्रीस आणि स्कॅनरमधला संवेदक यांचे काही नाते असू शकेल, हे २०१० पूर्वी फारसे कोणाच्या मनात आले नसते. आज मात्र मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा आणि त्याच्या भावंडांचा एकेक थर सुटा करून त्यापासून प्रकाशसंवेदक बनवण्याचे संशोधन जगभर चालू आहे. पवईची आयआयटी आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था या मुंबईच्या दोन संस्थांनी त्यात महत्त्वाची भर घातली आहे.

या क्षेत्रातल्या बातम्यांत ‘अमुक हजार पट संवेदनशील’ असे आकडे हमखास असतात. आकडे खोटे नसतात, पण ते हिशेबाची एकच बाजू सांगतात. पातळपणा फुकट मिळत नाही. त्याची किंमत कुठे ना कुठे चुकवावी लागते. ती कुठे आणि किती, हे कळले की कोणता आकडा कितपत मनावर घ्यायचा तेही कळते.

थरावर थर

मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा स्फटिक थराथरांनी बनलेला असतो. प्रत्येक थरात मधोमध मॉलिब्डेनमच्या अणूंची एक पातळी आणि तिच्या वर-खाली गंधकाच्या अणूंची एकेक पातळी असते. म्हणजे एका थराची जाडी तीन अणूंची, सुमारे ०.६५ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये असे पंधरा लाख थर मावतील. ही रचना १९२३ साली रॉस्को डिकिन्सन आणि लायनस पॉलिंग यांनी क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली. पुढे दोन नोबेल पारितोषिके मिळवणारे पॉलिंग तेव्हा विद्यार्थी होते.

थराच्या आत अणू एकमेकांना पक्क्या रासायनिक बंधांनी बांधलेले असतात. शेजारच्या दोन थरांमध्ये मात्र फक्त क्षीण ओढ असते, तिला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. म्हणून दाब पडला की थर एकमेकांवरून घसरतात. वंगण म्हणून हे संयुग चालते ते याच गुणावर. आणि साधी चिकटपट्टी लावून ओढली की थर सुटे होतात, तेही याच गुणामुळे.

चिकटपट्टीची युक्ती गाजली ती ग्रॅफाइटमुळे. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटपासून कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा करून त्याचे विद्युत गुणधर्म मोजले. २०१० साली त्यांना नोबेल मिळाले. मधल्या काळात, २००५ मध्ये, त्याच गटाने दाखवून दिले की ही युक्ती इतर थरयुक्त स्फटिकांवरही चालते. त्या यादीत मॉलिब्डेनम डायसल्फाइड होते. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९८६ सालीच रासायनिक मार्गाने त्याचे एकेरी थर द्रवात सुटे केले होते, पण त्यावर तारा जोडून वीज मोजण्याची सोय चिकटपट्टीनंतरच झाली.

एवढा पातळ तुकडा दिसतो तरी कसा? चिकटपट्टीवरचे कण सिलिकॉनच्या चकतीवर दाबून बसवतात. चकतीवर सिलिकॉन डायऑक्साइडचा ठरावीक जाडीचा, बहुधा ३०० नॅनोमीटरच्या आसपासचा, लेप असतो. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, आणि मधे तीन अणूंचा अडथळा आला तरी त्या मिसळणीचा रंग किंचित बदलतो. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून एकेरी थर फिकट छटेत ओळखू येतो. खात्री करायला रामन परिणाम कामी येतो, तोच, जो चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली शोधला. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या रामन वर्णपटात दोन ठळक शिखरे दिसतात. त्यांच्यातले अंतर जाड स्फटिकात २५ एकक असते आणि एकेरी थरात सुमारे १९. अंतर मोजले की थर किती ते सांगता येते.

एकटा पडलेला थर

प्रकाशाची वीज कशी होते, हे थोडक्यात पाहू. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन एरवी जागच्या जागी बांधलेले असतात. त्यांना मोकळे व्हायचे तर ऊर्जेची एक ठरावीक उडी मारावी लागते. या उडीच्या उंचीला बॅण्ड गॅप म्हणतात. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, जर तेवढी ऊर्जा घेऊन आला तर इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्याच्या मागे एक रिकामी जागा उरते. तिला होल म्हणतात, आणि ती धन प्रभारासारखी वागते. दोन टोकांना व्होल्टेज लावले असेल तर इलेक्ट्रॉन एकीकडे आणि होल दुसरीकडे सरकतात, आणि प्रवाह वाहू लागतो.

फोटॉनची ऊर्जा त्याच्या रंगावरून ठरते. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये ऊर्जा मिळते. सिलिकॉनचा बॅण्ड गॅप १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. म्हणून सुमारे ११०० नॅनोमीटरहून लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश सिलिकॉनमधून आरपार जातो. सिलिकॉन त्या प्रकाशापुरते आंधळे असते.

सिलिकॉनची आणखी एक अडचण आहे. त्यात नुसती ऊर्जा पुरत नाही. उडी मारताना इलेक्ट्रॉनचा संवेगही बदलावा लागतो, आणि तो फोटॉनकडून मिळत नाही. स्फटिकाच्या कंपनांची मदत लागते. अशा अर्धवाहकाला अप्रत्यक्ष बॅण्ड गॅपचा म्हणतात. त्यामुळे सिलिकॉन प्रकाश आस्ते आस्ते शोषते आणि लाल प्रकाश नीट अडवायला त्याला काही मायक्रोमीटर जाडी लागते.

जाड मॉलिब्डेनम डायसल्फाइडही अप्रत्यक्षच. त्याचा बॅण्ड गॅप १.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. पण थर एकटा केला की चित्र पालटते. शेजारच्या थरांतल्या गंधकाच्या इलेक्ट्रॉनांशी होणारी देवाणघेवाण बंद पडते आणि बॅण्ड गॅप प्रत्यक्ष होतो, सुमारे १.८ ते १.९ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. २०१० साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टोनी हाइन्झ यांच्या गटाने आणि बर्कली इथे फेंग वांग यांच्या गटाने स्वतंत्रपणे हे दाखवले. खूण अगदी उघड होती. जाड स्फटिकावर लेझर टाकला तर तो स्वतःचा जवळजवळ काहीच प्रकाश बाहेर टाकत नव्हता. एकेरी थर मात्र लाल रंगात चमकत होता. कोलंबियाच्या मोजमापात ही चमकण्याची कार्यक्षमता दहा हजार पटींहून अधिक वाढलेली होती.

खनिजाला प्रकाश कळतो, ही गोष्ट नवी नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले विल्यम कोब्लेन्ट्झ यांनी १९१९ मध्येच मॉलिब्डेनाइटवर प्रकाश पाडून त्याची वाढणारी विद्युतवाहकता मोजली होती. त्याहीआधी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, वापरून लहरी टिपणारा संवेदक बनवला होता. त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. गंधकाची खनिजे लहरी ओळखतात, हे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. नवे काय, तर स्फटिकाची जाडी कमी करत नेली की पदार्थाचा स्वभावच बदलतो.

एकेरी थर त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ५ ते १० टक्के शोषतो. जाडी एक नॅनोमीटरहून कमी असताना हे प्रमाण थक्क करणारे आहे. तुलनेसाठी, ग्राफीन २.३ टक्के शोषते. यामागे प्रत्यक्ष बॅण्ड गॅप आहेच, शिवाय आणखी एक कारण आहे. इतक्या पातळ थरात इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यातले विद्युत आकर्षण बाजूच्या पदार्थाकडून फारसे बोथट होत नाही, कारण बाजूला पदार्थच नसतो. त्यामुळे दोघांची घट्ट जोडी जमते. तिला एक्सिटॉन म्हणतात, आणि ठरावीक रंगांचा प्रकाश अशा जोड्या मोठ्या प्रमाणात तयार करतो.

पण हेच वाक्य उलट्या बाजूने वाचून पाहा. ५ ते १० टक्के शोषले, म्हणजे ९० टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश निसटला. शिवाय घट्ट जमलेली जोडी फुटल्याशिवाय प्रवाह मिळत नाही. पातळपणाचा पहिला हप्ता इथे चुकवावा लागतो.

एका फोटॉनमागे दोन हजार इलेक्ट्रॉन

प्रकाशसंवेदकाचा पहिला आकडा म्हणजे त्याची प्रतिसादक्षमता: एक वॅट प्रकाश पडला तर किती अँपिअर प्रवाह मिळतो. २०१२ साली सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविद्यापीठात एकेरी थराचा पहिला फोटोट्रान्झिस्टर बनला. त्याची प्रतिसादक्षमता प्रति वॅट ७.५ मिलिअँपिअर होती. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे आंद्रास किस यांच्या गटाने त्याच पदार्थाच्या एकेरी थरातून प्रति वॅट ८८० अँपिअर मिळवले. वर्षभरात एक लाख पटींहून अधिक वाढ.

हा ८८० चा आकडा जरा ताडून पाहू. मोजमाप ५६१ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशात झाले होते. पडणाऱ्या प्रत्येक फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन मिळाला, एकही वाया गेला नाही, असे धरले तरी उत्तर प्रति वॅट ०.४५ अँपिअरच येते. मग ८८० कुठून आले? एका फोटॉनमागे सुमारे २,००० इलेक्ट्रॉन वाहिले असले पाहिजेत, आणि तेही नव्वद टक्के प्रकाश निसटत असताना.

यात जादू नाही. थरात आणि त्याच्या खालच्या ऑक्साइडच्या सांध्यावर असंख्य दोष असतात: कुठे गंधकाचा अणू गळालेला, कुठे परका अणू अडकलेला. असे दोष होलला पकडून ठेवतात. तोवर त्याचा जोडीदार इलेक्ट्रॉन थर ओलांडून दुसऱ्या टोकाला निघून गेलेला असतो. पण होल अजून आत आहे, आणि समतोल राखायचा तर पहिल्या टोकाकडून नवा इलेक्ट्रॉन आत यावाच लागतो. तो गेला की आणखी एक. रेल्वे फाटकासारखे हे आहे. अडकलेला होल फाटक उघडे धरून बसतो; जितका वेळ ते उघडे, तितक्या गाड्या पार. फाटक किती वेळ उघडे राहिले, भागिले एका गाडीला रूळ ओलांडायला लागणारा वेळ, हीच या संवेदकाची वाढपट.

वाढपट मिळवायची तर होलला जास्त वेळ अडकवून ठेवा. पण मग प्रकाश बंद झाला तरी फाटक उघडेच राहते आणि प्रवाह वाहतच राहतो. लोझानच्या संवेदकाला प्रकाश गेल्यावर पूर्ववत व्हायला काही सेकंद लागत. शिवाय ८८० हा आकडा प्रकाश अत्यंत क्षीण असतानाचा. प्रकाश वाढवला की दोषांच्या जागा भरून जातात, नव्या होलांना अडकायला जागा उरत नाही आणि प्रतिसादक्षमता घसरते.

त्याच २०१३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष यांच्या गटाने ग्राफीनवर मॉलिब्डेनम डायसल्फाइड बसवून नेहमीच्या तापमानाला प्रति वॅट ५० कोटी अँपिअरपर्यंत मजल मारली. एका फोटॉनमागे सुमारे शंभर कोटी इलेक्ट्रॉन. मॉलिब्डेनम डायसल्फाइड प्रकाश शोषून प्रभार धरून ठेवायचे आणि ग्राफीन त्याच्या प्रभावाखाली वेगाने प्रवाह वाहून न्यायचे, अशी कामाची वाटणी होती. प्रभार इतका वेळ टिके की संशोधकांनी त्याचा उपयोग प्रकाशाने लिहिता येणारी स्मृती म्हणूनही करून दाखवला. संवेदकाचा दोष दुसऱ्या यंत्राचा गुण ठरला.

पवई आणि कुलाबा

दोन्ही गोष्टी, भरपूर वाढपट आणि भरपूर वेग, एकदम मिळत नसतील तर त्यांच्यातला सौदा नेमका कसा ठरतो? हा प्रश्न पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी विभागातले सौरभ लोढा आणि टाटा संस्थेतले मंदार देशमुख यांच्या गटांनी मिळून हाती घेतला. देशमुख यांना २०१५ साली भौतिकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आहे. दोन्ही गटांचा संयुक्त शोधनिबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी निवडलेला पदार्थ होता रेनियम डायसल्फाइड. रेनियम हा पृथ्वीच्या कवचातल्या अतिदुर्मिळ धातूंपैकी एक. त्याच्या सल्फाइडची गंमत अशी की थरांमधली ओढ फारच क्षीण असल्याने अनेक थर एकत्र असले तरी प्रत्येक थर जवळपास एकटा असल्यासारखा वागतो. एकेरी थरासाठी हट्ट धरायचा आणि नव्वद टक्के प्रकाश गमवायचा, ही अडचण इथे टळते. थोडा जाड तुकडा घेतला की प्रकाश जास्त शोषला जातो आणि प्रत्यक्ष बॅण्ड गॅपचा फायदाही हातचा जात नाही.

त्यांनी दोन प्रकारचे संवेदक बनवले. एकात तुकडा ऑक्साइडवर टेकलेला, दुसऱ्यात तो खाली मोकळी जागा ठेवून दोन टोकांवर तोललेला. टेकलेल्या तुकड्यात सांध्यावरचे दोषही सामील होतात. तोललेल्या तुकड्यात मुख्यतः पदार्थाचे स्वतःचे दोष उरतात. मग खालच्या गेटला, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या तिसऱ्या टोकाला, निरनिराळे व्होल्टेज देऊन त्यांनी दोषांच्या जागा कधी भरलेल्या तर कधी रिकाम्या ठेवल्या आणि प्रत्येक वेळी प्रतिसादक्षमता व वेग दोन्ही मोजले.

उत्तर आकड्यांत असे आले. एका टोकाला प्रति वॅट ४ अँपिअर, पण प्रतिसादाला ५० मिलिसेकंद. दुसऱ्या टोकाला प्रतिसाद अवघ्या २० मायक्रोसेकंदांत, पण प्रति वॅट फक्त ४ मिलिअँपिअर. प्रतिसादक्षमता हजार पट खाली आणि वेग अडीच हजार पट वर. या जातीच्या पदार्थांपासून तोवर बनलेल्या सर्वांत वेगवान संवेदकांत त्याची गणना झाली. केवळ गेटच्या व्होल्टेजने प्रतिसादाचा वेळ दहा हजार पटींच्या आवाक्यात हलवता येतो, हेही दिसले. निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट केली: प्रतिसादक्षमता आणि वेग एकत्र धरून, लावलेले व्होल्टेज व तुकड्याचे आकारमान यांचा परिणाम वगळून, संवेदकांची खरी तुलना करता येईल असे नवे माप सुचवले. एकेकट्या विक्रमी आकड्यांच्या गर्दीत अशा मापाची गरज होतीच.

या दोन टोकांचा व्यवहारात अर्थ काय, ते गोदामातल्या बारकोडवरच तपासू. किराणा मालावर नेहमी दिसणाऱ्या तेरा अंकी बारकोडची रुंदी ९५ समान घरांत विभागलेली असते. लेझरचा किरण सेकंदाला १०० वेळा फिरतो असे धरले तर एका फेरीला १० मिलिसेकंद मिळतात, आणि एका घरावरून किरण सुमारे १०० मायक्रोसेकंदांत पुढे सरकतो. ५० मिलिसेकंदांचा संवेदक इथे कुचकामी. पाच फेऱ्या होईपर्यंत तो पहिल्याच पट्टीवर रेंगाळेल. २० मायक्रोसेकंदांचा संवेदक मात्र पट्ट्या वेगवेगळ्या वाचू शकेल, अर्थात त्याचा क्षीण प्रवाह वाढवण्यासाठी चांगले विवर्धक सर्किट जोडावे लागेल. ऑप्टिकल फायबरमधून येणारी माहिती टिपणे मात्र दोघांनाही जमणार नाही. सेकंदाला एक हजार कोटी बिटांच्या वेगाने एका बिटाला एक अब्जांश सेकंदाचाही दहावा भाग मिळतो. २० मायक्रोसेकंद त्याच्या दोन लाख पट आहेत.

दमट हवेचे दुखणे

पातळपणाची आणखी एक किंमत कोकणपट्टीत राहणाऱ्याला लगेच कळेल. जाड स्फटिकात बहुतेक अणू आत सुरक्षित असतात. तीन अणूंच्या थराला ‘आत’ नसतेच. तो सगळा पृष्ठभागच. हवेतली वाफ त्यावर बसली की तीही प्रभार पकडते आणि सोडते, आणि संवेदकाचे वर्तन दर मोजमापाला थोडे वेगळे दिसते.

याची नीट शहानिशा २०१२ साली एका निबंधात झाली. त्याचे पहिले लेखक दत्तात्रय लाटे. सोबत अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले, मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी विनायक द्रविड आणि बंगळूरचे भारतरत्न सी. एन. आर. राव. लाटे यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या पदार्थांवर काम केले. एकेरी थराच्या ट्रान्झिस्टरमध्ये व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना प्रवाह वेगवेगळा येतो, हे आधी दिसत होते. यामागे मुख्यतः पृष्ठभागावर बसलेला ओलावा आहे आणि पदार्थाच्या प्रकाशसंवेदनशीलतेमुळे तो परिणाम वाढतो, असे त्यांनी दाखवले. उपायही दिला: वरून सिलिकॉन नायट्राइडचे आवरण. त्याने बिघाड बराच कमी झाला आणि इलेक्ट्रॉनांची चाल दहा पटींहून अधिक सुधारली.

कारखान्यात बनणाऱ्या कोणत्याही वस्तूला हा प्रश्न टाळता येणार नाही. जूनच्या मध्यावर खाडीकाठच्या गोदामात ठेवलेला संवेदक जानेवारीतल्यासारखाच वागला पाहिजे, तरच तो विकला जाईल.

मग उपयोग कुठे?

स्कॅनरमधला सिलिकॉनचा संवेदक स्वस्त, टिकाऊ आणि वेगवान आहे. त्याच्याशी त्याच्याच अंगणात झुंजण्यात अर्थ नाही. या पदार्थांना वाव आहे तो सिलिकॉनची हद्द संपते तिथे.

पहिली हद्द रंगाची. फायबरमधला संदेश १३१० किंवा १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशातून जातो. खारबाव स्थानक ज्या वसई–दिवा मार्गावर आहे, तशा मार्गांच्या कडेने देशभर फायबर टाकण्याचे काम रेलटेल ही २००० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी करते. त्या प्रकाशापुढे सिलिकॉन आंधळे असल्याने टोकाला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा महाग संवेदक बसवावा लागतो. हा पदार्थ सिलिकॉनच्या चिपवर थेट वाढवणे अवघड, कारण दोन्ही स्फटिकांतली अणूंची अंतरे जुळत नाहीत. थरयुक्त पदार्थांना अशी जुळणी लागत नाही; ते कशावरही नुसते टेकवता येतात. ग्राफीनला बॅण्ड गॅपच नसल्याने ते अवरक्तही शोषते, आणि वेग तर विलक्षण: आयबीएमच्या संशोधकांनी २००९ सालीच ग्राफीनचा संवेदक ४० गिगाहर्ट्झपर्यंत चालवून दाखवला. बॅण्ड गॅप नाही म्हणून अंधारातही त्यातून प्रवाह वाहतो, हे त्याचे वैगुण्य. काळ्या फॉस्फरसचा बॅण्ड गॅप जाडीनुसार ०.३ पासून जवळपास २ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत बदलतो. म्हणजे थर मोजून घेतले की हवा तो रंग निवडता येतो.

२०१७ साली बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ संस्थेने ग्राफीनवर अतिसूक्ष्म कणांचा लेप देऊन, नेहमीच्या सिलिकॉन सर्किटवर ३८८ गुणिले २८८ पिक्सेलांचा कॅमेरा बनवला. तो ३०० पासून २००० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश पाहतो. सिलिकॉनला बाजूला न सारता त्याच्या डोक्यावर नवा डोळा बसवण्याचा हा मार्ग आहे.

दुसरी हद्द आकाराची. पातळ थर वाकतो. त्याच वर्षी दक्षिण कोरियात मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि ग्राफीन वापरून डोळ्याच्या पडद्यासारखा वक्र संवेदक बनला. पडदा वक्र असला की समोर एकच भिंग पुरते. सपाट चिपसाठी लागणारी भिंगांची रांग टळते.

तिसरी हद्द विचाराची म्हणता येईल. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात थॉमस म्युलर यांच्या गटाने २०२० साली टंगस्टन डायसेलेनाइडच्या २७ संवेदकांची छोटी जाळी बनवली. गेटचे व्होल्टेज बदलून प्रत्येक संवेदकाची प्रतिसादक्षमता कमी, जास्त, अगदी ऋणही करता येते. ती योग्य ठरवली की जाळी माहिती पुढे पाठवण्याआधी जागच्या जागीच चित्र ओळखते. तिने साधी अक्षरे सुमारे ५० अब्जांश सेकंदांत वेगळी केली. पवईच्या प्रयोगात गेट दोषांवर ताबा ठेवत होता, इथे तोच गेट शिकवण्याचे साधन झाला.

या साऱ्याला मोठ्या प्रमाणावर उतरवायचे तर चिकटपट्टी पुरणार नाही. आज मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि गंधक यांची वाफ साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत एकत्र आणून थर वाढवतात. ते आधी त्रिकोणी कणांच्या रूपात उगवतात आणि मग एकमेकांना भिडतात. २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठात जिवुंग पार्क यांच्या गटाने वायुरूप संयुगे वापरून चार इंची चकतीभर एकसंध थर वाढवला. तरीही कणांचे सांधे आणि गळालेले गंधक हे प्रश्न शिल्लक आहेत, आणि वाढपट-वेगाचा सौदा त्याच दोषांवर ठरतो. सिलिकॉनच्या निर्मितीला आज लाभलेली शुद्धता साधायला कित्येक दशके लागली, हे इथे विसरून चालत नाही.

असे काम करायला स्वच्छ खोल्या आणि महागडी यंत्रे लागतात. पवई आणि बंगळूर इथे २००६ पासून केंद्र सरकारच्या निधीतून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली, आणि पुढे देशभरातल्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना तिथली यंत्रे वापरू देण्याची योजनाही सुरू झाली. म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयातली प्राध्यापिका किंवा संशोधक विद्यार्थी स्वतःच्या कल्पनेचा संवेदक तिथे बनवून पाहण्यासाठी अर्ज करू शकतात.

अतिसंवेदनशील संवेदकाची पुढची बातमी हाती येईल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. प्रकाश गेल्यावर तो किती वेळात शांत होतो? अंधारात त्यातून किती प्रवाह वाहतो, कारण त्या प्रवाहाच्या गोंगाटात क्षीण प्रकाश हरवून जातो? आणि मोजमाप निर्वात नळीत झाले की साध्या दमट हवेत? या तिन्ही उत्तरांसोबत आलेला मध्यम आकडा एकट्या विक्रमी आकड्यापेक्षा अधिक मोलाचा असतो.